स्लॅबावरचा माटव

वीज खात्यात मी तीस वर्षं लोकांचे मीटर वाचले. निम्मी नोकरी पेडण्यात गेली, निम्मी डिचोलीत. मीटर वाचणाऱ्याला लोक पाणीसुद्धा जपून देतात. जास्त आदर दाखवला तर याला वाटेल आपण काहीतरी लपवतोय, अशी त्यांची समजूत. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना जे माहीत नसतं ते मला फाटकातच कळायचं. त्यासाठी मीटरसुद्धा लागायचा नाही. छप्पर बघितलं की पुरे.

तो माझा खेळच होता. फाटकाशी स्कूटर लावायची, मान वर करायची, छप्पर नीट न्याहाळायचं आणि मनात एक आकडा धरायचा. मग आत जाऊन मीटर बघायचा. उंच आढ्याचं कौलारू घर आणि चारी बाजूंची जनेलं, म्हणजे खिडक्या, उघडी असली, तर तिथे पंखासुद्धा पाहुणे आल्यावरच फिरायचा. सपाट स्लॅब आणि त्यावर पाण्याची काळी टाकी असली, की मे महिन्यात त्या मीटरच्या अंगात वारं यायचं. पत्र्याच्या घरातले लोक दुपारी घरात नसायचेच, समोरच्या आंब्याखाली बसलेले असायचे, म्हणून तिथला आकडा लहान. माझा अंदाज बहुधा जवळपास यायचा. आला की मी स्वतःला एक लिंबू सोडा पाजायचो. चुकला, तर या घरात काहीतरी काळंबेरं आहे असं खुशाल ठरवून मोकळा व्हायचो.

मांद्र्याला किनाऱ्याच्या बाजूला मात्र छपरांची एक नवीच जात निघाली होती. उतरता स्लॅब घालायचा आणि त्याच्यावर सिमेंटने कौलं चिकटवायची. पाहुण्यांना खोल्या भाड्याने द्यायच्या तर घर जुन्या गोव्याचं दिसलं पाहिजे ना! दिसायला घर आजोबांचं, आणि मीटर बघावा तर हॉटेलाचा. मला राहवायचं नाही. वाचन झालं की मी मालकांना फुकटचं व्याख्यान द्यायचो. कौल वाशांवर आणि रिपांवर बसलं तर त्याचा उपयोग. खालची गरम हवा फटींतून वर निघून जाते, ऊन उतरलं की कौल घटकाभरात गार होतं. तेच कौल काँक्रीटला चिकटवलंत तर दोघं मिळून दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर तुमच्या डोक्यावर ओततात. एक घरवाली कमरेवर हात ठेवून हे सगळं ऐकत उभी राहिली होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, "तुमी मीटर वाचूक इलात न्हय? मगे मीटर वाचा. माज्या कौलांका नावां ठेवू नकात."

तीच पुढे माझी विहीण झाली. देवाला असल्या चेष्टा फार आवडतात.

आता माझ्या स्वतःच्या घराचं सांगतो. डिचोलीहून नार्व्याला जाणाऱ्या वाटेच्या जरा आत आमचं घर आहे. अकरा वर्षांपूर्वी त्याच्यावर कौलं होती आणि मी ती काढून सपाट स्लॅब घातला. तीस वर्षं दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा माणूस असं का करतो, हे कोणी विचारू नये, पण सांगतोच. एक म्हणजे वांदर. दर वर्षी फणस पिकायच्या दिवसांत त्यांची टोळी कौलांवर लंगडी खेळून जायची आणि पावसाआधी कौलं चाळायला माणूस शोधत मी गावभर फिरायचो. दुसरं खरं कारण म्हणजे मुलगी लग्नाची झाली होती. स्लॅबाचं घर म्हटलं की समोरच्या माणसाचा आवाज बदलतो. हे मी फाटकाफाटकांत इतकी वर्षं ऐकलेलं होतं. बायको म्हणाली, "कौलां बरी आसत." मी म्हटलं, तुला यातलं काय कळतं. हे वाक्य मी कुणाला म्हटलं आणि म्हणणारा मी कोण, याचा विचार केला की आजही कानशिलं तापतात.

फक्त मागच्या स्वयंपाकघरावरची कौलं ठेवली, चुलीच्या धुराला वाट हवी म्हणून. बाकी घर सपाट. पुढेमागे माडी चढवता येईल या आशेने स्लॅबातून चार कोपऱ्यांना लोखंडी सळ्याही वर काढून ठेवल्या. गोव्यात निम्म्या घरांच्या डोक्यावर अशा सळ्या गंजत उभ्या आहेत. प्रत्येकाची माडी पुढच्या वर्षी व्हायची असते.

मांद्र्याचं स्थळ आलं ते याच स्लॅबाखाली. मुलाची आई आत शिरली, वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ओळख पटल्याचं हसू तिच्या तोंडभर पसरलं. "ह्या काय व्याह्यांनु? तुमची कौलां खय गेली?" लग्न ठरायच्या आधीच तिने मला व्याही करून टाकलं होतं. मी म्हटलं, "वांदर." सगळे हसले, लग्न ठरलं, आणि मी त्या प्रश्नातून सुटलो असं समजलो.

पहिल्याच एप्रिलमध्ये स्लॅबाने आपले गुण दाखवले. दुपारी तो तापायचा आणि दिवेलागणीनंतर खाली उष्णता सोडत बसायचा. बाहेर वारा सुटलेला असायचा, आणि घरात आम्ही भाकरीसारखे दोन्ही बाजूंनी शेकत असायचो. मधल्या खोलीच्या कोनाड्यात वीज गेली तर असावी म्हणून एक मेणबत्ती उभी केलेली असे. एप्रिल लागला की ती न पेटवताच मान टाकायची. मी ती उन्हाळाभर बदलत राहिलो, बायकोला दिसू नये म्हणून. त्याच वर्षी बायकोने आपलं अंथरूण मागच्या स्वयंपाकघरात नेलं. "तुमच्या घोरण्यान माका न्हीद येना," ती म्हणाली. मला जरा लागलं, पण माझं घोरणं तीन घरांपलीकडे प्रसिद्ध होतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुंडाळलेल्या दोन चटया भिंतीला टेकून उभ्या असत आणि मांजर त्यांच्या पायाशी. मी मधल्या खोलीत घामाने चिंब बनियनात, पंखा पाचावर ठेवून, घरमालकाच्या थाटात झोपत राहिलो. पंखासुद्धा वरची गरम हवाच खाली ढकलत होता, हे मला कळत होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

अशी दहा वर्षं गेली. मी निवृत्त झालो. आणि गेल्या वर्षी शिगम्याला मुलगी, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहून सहावा महिना लागलेली, सासूबरोबर जेवायला आली.

जेवण झालं, मुलगी मधल्या खोलीत आडवी झाली आणि थोड्या वेळाने भिंतीला धरून बाहेर आली. तोंड लाल, केस ओले, डोळ्यांपुढे अंधारी. सासूने तिला बसवलं, ओल्या पंच्याने मान पुसली, लिंबूपाणी पाजलं. पोर दहा मिनिटांत ठीक झाली. पण विहीणबाई उठून मधल्या खोलीत गेल्या आणि कोनाड्यासमोर उभ्या राहिल्या. त्या वर्षी मेणबत्तीने एप्रिलच्या आधीच मान टाकली होती. त्यांनी मेणबत्तीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"व्याह्यांनु," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या हय पोदेराक फोर्न पेटवची गरज नाय. उंडे अशेच भाजतले."

पाववाल्याच्या भट्टीची ही उपमा मी हसून झेलली असती. पण पुढचं वाक्य त्या हसून बोलल्या नाहीत. "बाळंतपण आमच्याकडेच जावंदे. एसीची एक खोली मी तिका मोकळी करतंय. ह्या फोर्नात पोरीक ठेवची माजी छाती नाय."

बायको हातात सुपारीची थाळी घेऊन उभी होती. ती थाळी खाली ठेवून आत गेली.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. आणि माझ्या बायकोला तर त्याची जास्तच आस. तिचं स्वतःचं पहिलं बाळंतपण सासरी झालं, कारण तिची आई त्याआधीच गेली होती. आपल्या मुलीला तरी आईच्या हातचं न्हाणं मिळावं, शेक मिळावा, म्हणून तिने जुन्या सुती लुगड्यांच्या घड्या वर्षभर आधीच पेटीत घालून ठेवल्या होत्या. आठव्या महिन्यात पोटुशीला घरातून हलवत नाहीत, म्हणजे माझ्याकडे सात-आठ आठवडे होते. तेवढ्यात घर गार झालं नाही, तर त्या घड्या पेटीतच राहणार होत्या. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. मुलीसाठी घातलेल्या स्लॅबानेच मुलीची वाट अडवली होती.

मुलीचा संध्याकाळी फोन आला. "बाबा, सासूबाईंशी भांडू नका. त्या काळजीनंच बोलल्या. पण मला यायचंय हां." मग म्हणाली, "एसी लावा ना."

एसी लावणं शक्य नव्हतं. तीस वर्षं मी लोकांना एसीवरून टोचलं होतं. आता माझ्या जनेलाबाहेर तो डबा लटकला असता तर गावातलं एकेक माणूस फाटकाशी थांबून, मान वर करून, माझे युनिट मोजून गेलं असतं. शिवाय बायकोचं म्हणणं, ओल्या बाळंतिणीला असली थंडी बाधते. मला ते कारण फारच सोयीचं पडलं.

मी नागपूरला असलेल्या मेहुण्याला फोन लावला. तिकडे उन्हाळा म्हणजे खरा उन्हाळा, तेव्हा उपायही तिकडेच असणार. तो जोरात सांगू लागला: संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा, खोलीत कूलर लावा, वाळ्याचे पडदे सोडा, बघा कसं काश्मीर होतं ते. मी डिचोलीच्या बाजारातून कूलर आणला आणि विहिरीचं पाणी बाल्दीबाल्दीने स्लॅबावर चढवलं. दुपारी अनवाणी वर गेलो होतो. शिरगावच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे भक्त, निखाऱ्यांवरून जातात ते व्रत करून, उपास करून. मी काहीच न करता गेलो आणि नाचत खाली आलो. पाणी स्लॅबावर पडलं तशी वाफ निघाली आणि आधीच दमट असलेल्या हवेत जाऊन बसली. आत कूलर तीन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी डब्यातले पापड मऊ पडले, मिठाला पाणी सुटलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातला देव फुगला. नागपुरात हवा कोरडी, ती पाणी पिऊन गार होते. आमची हवा आधीच पोटभर प्यायलेली. हे मेहुण्याला समजावलं तर तो म्हणाला, "मग तुम्ही गच्चीवर झोपा." आमच्याकडे गच्चीवर झोपलं तर सकाळपर्यंत डासच माणसाला उचलून नेतात.

मग मी चुना आणला. पांढऱ्या रंगावरून ऊन परत जातं, हे मला चांगलं माहीत होतं. सगळा स्लॅब स्वतः सारवला, दोन हात दिले. आणि खरंच फरक पडला. मेणबत्ती दोन दिवस अर्धीच वाकली. पण आमच्या पलीकडच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक परत सुरू झाले होते. आठवड्याभरात माझ्या पांढऱ्या स्लॅबावर लाल धूळ बसली. मी झाडू घेऊन वर, ट्रक खाली, असा आमचा सामना चार दिवस चालला. ट्रक जिंकले.

शेवटी मला झाप आठवले. नारळाच्या झावळ्या विणून केलेले हे पडदे पूर्वी पावसाळ्यात आमच्याकडे मातीच्या भिंतींना लावायचे. सावंतवाडीकडची एक बाई आमच्या भागात शेतकामाला येते, ती झाप सुरेख विणते. तिच्याकडून मी ढीगभर झाप घेतले आणि माझ्या अकलेने स्लॅबावर गच्च अंथरले. फट म्हणून कुठे ठेवली नाही. वरून पाणीही शिंपडलं. दुसऱ्या दिवशी घरात शिजलेल्या गवताचा वास सुटला आणि स्लॅब रात्रभर थंड व्हायचं नावच घेईना. उरलेले झाप द्यायला ती बाई आली, जिना चढून वर आली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"साहेबानु, स्लॅबाक गोधडी घातलास काय? तो बिचारो उकाड्यान मरतलो."

"मग काय करू?"

"उंच बांधा. लग्नाच्या माटवासारखो. मधी वारो खेळाक जाय."

मी तिथेच उभा राहिलो. मधे वारा खेळायला हवा. हेच मी मांद्र्याला फाटकाफाटकातून ओरडून सांगत होतो. हेच मी त्या बाईला सांगितलं होतं जिने मला मीटर वाचायला सांगितलं. आणि माझ्या स्वतःच्या स्लॅबावर मी काय केलं होतं, तर कौलांच्या जागी झावळ्या चिकटवल्या होत्या. त्या हसणाऱ्या बाईने विणकामासोबत माझी अक्कलही ठिकाणावर आणली.

मग मी नीट काम केलं. पोफळीचे खांब आणले आणि ते चार कोपऱ्यांतल्या त्या गंजक्या सळ्यांना तारेने घट्ट बांधले. माडी नाही झाली तरी सळ्यांचं सार्थक झालं. आडव्या बांबूंवर छातीएवढ्या उंचीला झाप टाकले, पश्चिमेकडून तिरपं ऊन येतं म्हणून त्या बाजूला जरा खाली सोडले. खाली वारा आरपार जाऊ लागला. पहिले दोन दिवस काही कळलं नाही, स्लॅबाच्या पोटातला जुना ताप निघत होता. चौथ्या दिवशी दुपारी मी मधल्या खोलीत गेलो, भिंतीला पाठ लावली, आणि मेणबत्तीकडे बघितलं. ती सरळ उभी होती. मी तिला नमस्कार केला, कोणी बघत नव्हतं.

पण एक गोष्ट मी विसरलो होतो. आमच्याकडे झावळ्यांचा माटव दारात उभा राहिला म्हणजे त्या घरात कार्य आहे. माझा माटव तर स्लॅबावर, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असा. आणि एप्रिल महिना, लग्नसराईचा.

दुसऱ्याच सकाळी शेजारी कुंपणाशी आला. "लगीन कोणाचा?"

"कोणाचं नाही. उन्हासाठी आहे."

तो गालात हसला. उन्हासाठी कोणी माटव घालतो का? एकुलती मुलगी लग्न होऊन गेलेली, तेव्हा गावाने आपापसांत बराच विचार केला आणि मुलगी पोटुशी असल्याचं कळताच निकाल दिला: डोहाळजेवण आहे, मोठं आहे, आणि माणूस चिकट असल्यामुळे आमंत्रणं लपवतो आहे. दुकानात मला कोणी नीट बोलेना. मग ही बातमी म्हापशाच्या बसमध्ये चढली, तिथून पेडण्याच्या बसमध्ये बदलली, आणि प्रत्येक थांब्यावर तिच्यात माणसं वाढत गेली. मांद्र्याला उतरली तेव्हा पाचशे पानं उठणार होती, आणि मुलीच्या सासूला त्याचा पत्ताही नव्हता.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. विहीणबाई एकट्याच उतरल्या. उन्हातून आलेल्या, पदर खोचलेला, तोंड असं की मांजर आधीच पळालं.

"माका न इचारता माज्या सुनेचे डोहाळे?" त्या फाटकातूनच बोलल्या. "पाचशे पानां! आणि आमी मेलंव काय?"

बायको घाबरून बाहेर आली. मी त्यांना हाताला धरून नाही पण जवळपास तसंच जिन्याने वर नेलं आणि माटवाखाली वाकून बघायला लावलं. तिथे पाण्याची टाकी होती आणि माझा झाडू. पाहुणा म्हणून एक कावळा. त्यांनी झापांना हात लावून बघितला, खालून आरपार वाहणाऱ्या वाऱ्यात जरा उभ्या राहिल्या, आणि मला विचारलं, "मगे ह्या कित्याक?"

"तुमच्या फोर्नासाठी," मी म्हटलं.

खाली आल्यावर त्या म्हणाल्या, मी जेवायची नाय. बायकोने ताट वाढलं तेव्हा म्हणाल्या, नुसती कढी. मग भात, मग बांगड्याची आमटी, मग आणखी थोडा भात. हात धुऊन त्या मधल्या खोलीकडे वळल्या. "दोन मिनिटां पडतंय आणि सांगतंय. फोर्न तो फोर्नच."

दार अर्धं लोटलेलं होतं. दोन मिनिटं झाली. दहा झाली. आतून आधी एक सुस्कारा आला आणि मग घोरण्याचा पहिला सूर. मी या विषयातला जाणकार आहे. ते सोंग नव्हतं. बायको आणि मी दाराबाहेर चोरांसारखे उभे राहिलो. वर कावळा ओरडायला लागला, तर मी अंगणात जाऊन आवाज न करता त्याला हातवारे करत हाकलू लागलो. शेजारी कुंपणातून बघत होता. त्याचं माझ्याविषयी काय मत झालं असेल ते असो. पंखा एकावर फिरत होता, आणि माझ्या बायकोच्या पेटीतल्या लुगड्यांच्या घड्यांचा निकाल त्या घोरण्यावर अवलंबून होता. इतकं गोड घोरणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला तेव्हा चार वाजून गेले होते. आत हालचाल झाली. विहीणबाई बाहेर आल्या, गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी उठलेली.

"मी न्हिदूक नाय हां," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून बघत होतंय."

आम्ही दोघांनी मान डोलावली. त्या कदेल ओढून बसल्या, बायकोने चहा आणि ताजे उंडे पुढे ठेवले. त्यांनी उंडा चहात बुडवला, आणि त्याच्याकडेच बघत म्हणाल्या, "पोरीक येवंदे. आठवो लागच्या आधी मी सोता हाडून पोचयतंय. पण माजी एक अट आसा. आठवड्यातले दोन दीस मी पण हय ऱ्हवतलंय."

"राहा की," बायको म्हणाली. तिने डोळे पुसले, लपवून वगैरे नाही, सरळ पदराने.

"आमच्या घरात एसी टुरिस्टांका," विहीणबाई पुढे म्हणाल्या. "आमका ती चिकटवल्ली कौलां. दुपारची न्हीद कशी असता ता मी इसरानच गेललंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या वेळार तुमी फाटकात सांगल्लात ता खरा होता."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो! आता जरा ताणून बसावं, पायावर पाय टाकावा, निदान एक व्याख्यान तरी द्यावं. पण तेवढ्यात त्या बायकोकडे वळल्या. "तुमी बाय इतकी वर्सां ह्या स्लॅबाखाली काडलात कशी?"

"मी खय काडलंय?" बायको सहज म्हणाली. "मी मागच्या रांदचे कुडीत न्हिदतंय. थय कौलां आसत."

"आणि हे?"

"ह्यांका मी सांगलंय, तुमी घोरतात म्हणान." ती हसली. "खरा सांगल्यार ह्यांका वायट दिसला असता. इतक्या हौशेन स्लॅब घातल्लो."

मी तिथेच बसलेलो होतो. विहीणबाई माझ्याकडे बघून मोठ्याने हसल्या, आणि मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? पण माझा उंडा बशीत तसाच राहिला.

आठव्या दिवशी मुलगी आली. पेटी उघडली, लुगड्यांच्या घड्या उन्हात पडल्या, आणि घरात बायकांचं राज्य सुरू झालं. पहिल्याच दुपारी मधल्या खोलीत मुलगी, तिच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सासू. मी आपली उशी घेऊन दारात गेलो, तर विहीणबाईंनी हात हलवून मला हुसकलं. "तुमी घोरतात. तुमी मागे जावा."

मी मागे गेलो. स्वयंपाकघरात मी दुपारचा कधी आडवा झालोच नव्हतो. तिथे गार होतं. कौलांच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा खाली येत होत्या आणि आत हवा हळूहळू हलत होती. चुलीपासून दोन हातांवर, अकरा उन्हाळे एकाच जागी पाठ टेकल्याने, जमीन गुळगुळीत झाली होती. भिंतीवर, पडल्या पडल्या हात पोचेल इतक्या खाली, खिळ्याला विंझणा अडकवलेला.

कोपऱ्यात त्या दोन चटया उभ्या होत्या. एक मी ओळखली, कडा झिजलेली. दुसरी सोडली तर ती करकरली. तिच्यावर कधी कोणी झोपलंच नव्हतं. धूळ मात्र नव्हती. कोणीतरी ती नेमाने झटकत होतं.

बायको पाणी प्यायला आत आली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"तुमची," ती म्हणाली. "स्लॅब घातल्लो त्याच वर्सा घेतल्ली. म्हटला, कदीतरी येतलात."

ती पाणी पिऊन गेली. मी चटई अंथरली आणि तिच्या गुळगुळीत जागेच्या शेजारी आडवा झालो.